साहेब फिरतीवर आहेत

लोणंदच्या माणसाने केवळ सृष्टिशोभा पाहण्यासाठी गाव सोडून परमुलखात जावे, ही कल्पना आमच्याकडे फार उशिरा आली, आणि आल्यावरही बरीच वर्षे तिला ओसरीवरच बसवून ठेवण्यात आले. नीरेच्या दक्षिणेस, जेथे ढग येतात ते बहुधा पुढच्या गावची वाट विचारण्यापुरतेच, अशा कोरड्या पट्ट्यात आमचे गाव वसले आहे. बाजार समितीच्या आवारातील कांद्याचे ढीग, आडत्यांच्या आरोळ्या, हमालांची लगबग आणि आभाळात तळहाताएवढा ढग दिसला तरी ताडपत्रीकडे धावणारे मालधनी, एवढ्या सामग्रीवर येथील निसर्गप्रेमाची सारी इमारत उभी आहे. मेघ पाहून कवीच्या अंतःकरणात कोणत्या भावना दाटतात ते कवी जाणे. लोणंदकराला हळव्या कांद्याचा दर आठवतो.

इंग्रजी अमदानीत महाबळेश्वरास जाणारे साहेबलोक पुण्याहून आगगाडीने वाठार स्टेशनापर्यंत येत आणि तेथून टांग्याने वाई-पाचगणीचा घाट चढत. म्हणजे त्यांची गाडी लोणंदवरूनच जात असे. साहेब कधी लोणंदास उतरला नाही आणि लोणंदकर कधी साहेबाच्या मागे घाट चढला नाही; उभयपक्षी हा अलिखित करार कित्येक वर्षे निर्वेध पाळला गेला. एकाने खिडकीतून बाहेर पाहावे, दुसऱ्याने फलाटावरून आत पाहावे, आणि दोघांनीही आपापल्या मनात परमेश्वराचे आभार मानावेत, असा तो व्यवहार होता.

या कराराला बाध आला तो वाघामुळे. १९८५ साली सरकारने जिल्ह्याच्या पश्चिम अंगास कोयनेचे आणि त्याच्या दक्षिणेस चांदोलीचे अशी दोन अभयारण्ये जाहीर केली. २००४ साली चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाची पदवी मिळाली, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सरहद्दी जेथे एकमेकींत मिसळतात तेथील ३१७ चौरस किलोमीटर रान तिच्या पदरात पडले. पुढे २०१० मध्ये ही दोन्ही रानेच एका दफ्तरात बांधून ११६५ चौरस किलोमीटरांचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सिद्ध झाला. इतका मोठा सरंजाम, इतके नाके, परवाने, नोंदवह्या आणि हुकूमनामे ज्याच्या नावाने निघाले तो वाघ मात्र, जुन्या काळी मामलेदार कचेरीत दाखल्यासाठी गेलेल्या कुळाला जसे साहेब कधीच खुर्चीवर सापडत नसत, तसा सदैव फिरतीवर असतो. खुर्ची असते, टेबलावर दौत असते, पट्टेवाला असतो, साहेबांच्या सहीचा कागदही असतो. साहेब तेवढे नसतात. अधूनमधून झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात त्यांची छबी उमटते आणि वर्तमानपत्रे ती आनंदाने छापतात. २०२५ च्या नोव्हेंबरात तर ताडोबाहून एक वाघीण आणून चांदोलीच्या रानात सोडण्यात आली, म्हणजे आता बाईसाहेबही फिरतीवर असतात.

आमचे अण्णा हे लोणंदातील जुने आडते. त्यांचा पुतण्या पुण्यास शिकतो, आणि पुण्यास शिकणाऱ्या तरुणांच्या ठायी वडीलधाऱ्यांना डोंगरावर नेण्याची जी दुर्दम्य आकांक्षा उत्पन्न होते तिने तोही ग्रासलेला आहे. त्याने मोबाइलवर पाहून आम्हापुढे स्थळांची जी यादी ठेवली ती ऐकून, आपल्या जिल्ह्यात शेती करण्यास जमीन उरली आहे किंवा कसे, अशी मला शंका आली. ठोसेघरचा धबधबा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, सज्जनगड, कोयनेचे धरण, तापोळ्याचे ‘मिनी काश्मीर’ (महाराष्ट्रात जेथे पाणी आणि डोंगर एका चौकटीत सापडतात तेथे हा किताब बिनतक्रार बहाल होतो, खुद्द काश्मिरात कोणी एखाद्या तळ्यास ‘मिनी तापोळा’ म्हटल्याचे ऐकिवात नाही), आणि पाटणजवळच्या सडावाघापूरचा तो प्रसिद्ध उलटा धबधबा, जेथे पावसाळी वारा कड्यावरून कोसळणारे पाणी उचलून पुन्हा माथ्यावर फेकतो. शेकडो माणसे छत्र्या उलट्या करून घेत हे नवल पाहत असतात. आम्ही तेथे गेलो तेव्हा अण्णांनी ते क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, वरनं सुटलेलं पाणी खाली पोचत न्हाय, ह्यात नवल ते काय? कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला इचारा.”

कासच्या पठारावर मात्र त्यांची थोडी पंचाईत झाली. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटाची जी स्थळे जागतिक वारशात दाखल करून घेतली त्यांत हे पठार आहे. जांभ्या दगडाचा सपाट खडक, त्यावर बोटभर माती, आणि त्या मातीत भाद्रपदाच्या सुमारास उमलणारी तेरड्याची, सोनकीची, गेंदाची, सीतेच्या आसवांची कोट्यवधी फुले. दिवसाकाठी ठरावीक संख्येलाच तेथे प्रवेश, त्यासाठी आगाऊ नोंदणी, नोंदणीस शुल्क. लोक पोटावर झोपून, मान वाकडी करून, नखाएवढ्या फुलाचे छायाचित्र घेतात आणि शेजारच्या फुलावर कोपर ठेवतात. अण्णा हात पाठीमागे बांधून, बाजारात कांद्याचे वक्कल पाहायला निघावे त्या चालीने वाटेवरून हिंडले आणि मग त्यांनी मला बाजूस घेतले.

“ह्या फुलाचं पुढं काय हुतं?”

“काही नाही, अण्णा. बी धरते आणि वाळून जाते.”

“म्हंजे आवक एवढी, उठाव कायच न्हाय. आन् तरी बघायला पैसं?”

सीतेची आसवं हे इवलेसे निळे फूल आपल्या मातीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून त्यांवर गुजराण करते, हे मी त्यांस सांगितले तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले. स्वतःच्या पोटाचे पाहणारे एक तरी फूल त्या पठारावर आहे, याचे त्यांना मनापासून कौतुक वाटले, आणि ‘सीतेची’ हे नाव मात्र कोणा अडाण्याने दिले असावे असा त्यांनी शेरा मारला.

परंतु या सर्व मुलखात मनुष्यस्वभावाचे जे दर्शन मला वासोट्याच्या वाटेवर घडले ते अन्यत्र घडले नाही. हळव्या कांद्याची आवक ओसरून गरव्याची सुरू व्हायच्या मधल्या पडत्या दिवसांत अण्णा, वहिनी, पुतण्या आणि मी असे बामणोलीस पोहोचलो. वासोटा कोयना अभयारण्यात, शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या तीरावर. तेथे जावयाचे तर वनखात्याचा परवाना काढून, नारिंगी जाकिटे अंगात अडकवून, मोटार लावलेल्या होडीने तासदीड तास पाण्यावरून जावे लागते. त्या जाकिटात अण्णांचा देह इतका फुगला होता की बुडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. प्रश्न होता तो वाकण्याचा.

होडीच्या मोटारीचा आवाज असा की बोलणे अशक्य. त्यामुळे सर्वांच्या मुद्रेवर आपोआप चिंतनाचा भाव आला होता. मध्येच होडीवाल्या मामांनी मोटार मंद केली आणि निळ्याशार पाण्याकडे हात करून ते म्हणाले, “हितं खाली आमची भातखाचरं.” एवढे बोलून त्यांनी मोटार पुन्हा वाढवली. १९६४ च्या सुमारास कोयनेचे धरण पुरे झाले, खोऱ्यातली गावे उठली, माणसे कोठकोठल्या दूरच्या जिल्ह्यांत जाऊन वसली. पुढे अभयारण्यासाठी आणखी गावे हलली. जे अस्पर्श, आदिम, मानवाच्या पावलाने न विटाळलेले अरण्य पाहण्यासाठी आम्ही परवाना काढला होता, त्यात वाटेवर जोती दिसतात, तुळशीवृंदावने दिसतात, आणि कोणी तरी हाताने लावलेले आंबे अजून दर वर्षी मोहरतात. वहिनींनी अशा एका जोत्यापाशी चप्पल काढली. का काढली, हे त्यांना कोणी विचारले नाही.

पलीकडच्या काठावर, मेट इंदवलीच्या जागी, वनखात्याची चौकी आहे. तेथे रानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानातील प्लास्टिकची मोजदाद होते, नोंद होते, अनामत रक्कम घेतली जाते, आणि परत येताना तितकेच नग दाखवल्यावर ती परत मिळते. इतका सुबुद्ध नियम सरकारी कागदावर उतरलेला मी क्वचितच पाहिला आहे. चौकीवरचा वनरक्षक पंचविशीतला, अतिशय विनयशील तरुण होता. परंतु त्याच्यासमोर लोणंदच्या बाजारात चाळीस वर्षे मापे पाहिलेला गृहस्थ उभा आहे, याची त्या बिचाऱ्यास कल्पना नव्हती.

“मोजनी नगावर का वजनावर?” अण्णांनी आरंभ केला.

“नगावर, अण्णा.”

“कडता किती धरता?”

“कडता?”

“म्हंजे तूट. एखादी पिशवी फाटली, चिवड्याची पुडी वाऱ्यानं उडाली, तर?”

“तूट नाही धरत, अण्णा. गेलेलं परत आणायचं.”

हे उत्तर अण्णांस मनापासून आवडले. कडता न धरणारा बाजार आपण आयुष्यात प्रथमच पाहत आहोत, असे ते मला हळूच म्हणाले. मग पंचनाम्यास प्रारंभ झाला. वहिनींनी पिशवी ओट्यावर रिती केली. पाण्याच्या बाटल्या, फरसाणाच्या पुड्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे, ठेच्याची बरणी, पुतण्याचा पावसाळी डगला (फाल्गुनाच्या तोंडावर पावसाळी डगला का, याचे उत्तर पुण्याच्या महाविद्यालयात मिळेल), दशम्या गुंडाळलेली पिशवी, आणि त्या पिशवीला जपण्यासाठी वर घातलेली दुसरी पिशवी. भाकऱ्यांचा डबा पोलादी होता, पण त्याच्या झाकणास प्लास्टिकची मूठ होती; ती स्वतंत्र नग समजावी की डब्याचा अविभाज्य भाग, यावर साधकबाधक चर्चा झाली आणि अखेर मूठ डब्याकडे वर्ग झाली. वहिनींच्या अंबाड्यातला चाप मोजावा किंवा कसे, हा प्रश्न त्या तरुणाच्या ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला. परंतु संस्कारांनी त्याचा कंठ आवळला. एकंदर एकोणीस नगांची नोंद झाली.

वासोट्याची चढण दाट सावलीतून आहे. आरंभी ओढा, त्याच्या काठी मारुती, मग पायांखाली वाळल्या पानांचा थर, आणि मग सरळ उभी वाट, जिने अण्णांचे बोलणे पहिल्या अर्ध्या तासातच एकेका शब्दावर आणले. या गडावर ताई तेलिणीने बापू गोखल्यांच्या फौजेशी कित्येक महिने झुंज दिली, हा इतिहास मी वाटेत सांगितला. वहिनी थांबल्या, कमरेवर हात ठेवून मागे वळल्या आणि म्हणाल्या, “ऐकलंत का? बाईनं गड लढवला, आन् तुमाला निस्ता चढवंना!” अण्णांकडे त्या वेळी प्रत्युत्तर असेलही, पण श्वास नव्हता.

माथ्यावर मी त्यांस आणखी एक हकीकत सांगितली. १८१७ च्या लढाईत पेशव्यांच्या माणसांनी हंटर आणि मॉरिसन नावाचे दोन तरुण गोरे अंमलदार पकडले; ते या गडावर कैदेत होते आणि १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती पडल्यावर सुटले. या स्थळी सरकारी खर्चाने दीर्घकाळ राहिलेले परदेशी पाहुणे, असे त्यांचे वर्णन करण्यास हरकत नसावी. बाबू कड्यावरून दिसणारी ती खोल, निबिड, काळीनिळी दरी, जिच्यापुढे शब्दांनी हात टेकावेत, त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ विनामूल्य पाहिली असेल. पण एकाही शब्दाने तिची स्तुती केल्याचे माझ्या वाचनात नाही. निसर्गसौंदर्याला परतीच्या तिकिटाची किती निकड असते!

सूर्य कलण्यापूर्वी खाली उतरण्याचा हुकूम असल्याने आम्ही चौकीवर आलो आणि उलट तपासणी सुरू झाली. वनरक्षकाने मोजले, पुन्हा मोजले, कपाळास आठ्या घालून तिसऱ्यांदा मोजले. नग वीस भरत होते. उतरताना झुडपात अडकलेली, कोणा पूर्वसूरीने नियमाच्या जन्मापूर्वी टाकली असावी अशी एक मळकी बाटली वहिनींनी उचलून पिशवीत घातली होती. नोंदवहीत घट लिहिण्यास रकाना होता. वाढ लिहिण्यास नव्हता. अनामत एकोणिसांची, माल विसाचा. अण्णांना ही संधी म्हणजे चढणीच्या सर्व श्रमांची भरपाई वाटली.

“म्हंजे वाढीव मालाचं आमचं सरकारकडं येणं निघतंय,” ते गंभीरपणे म्हणाले.

“अण्णा, अशी तरतूद नाही हो.”

“मग ही बाटली परत झुडपात ठिवून येऊ का?”

तो तरुण इतका व्यथित झाला की वहिनींना राहवले नाही. त्यांनी उरलेली दशमी आणि ठेचा त्याच्यापुढे ठेवला, आणि विसावा नग ‘पाहुणा’ म्हणून दाखल करून तंटा मिटला.

त्या रात्री जलाशयाकाठी तंबूत मुक्काम करण्याचा पुतण्याचा बेत होता. तंबू, शेकोटी, उघड्या आकाशाखाली भोजन, आणि या सर्वांसाठी माणशी जी रक्कम सांगण्यात आली ती ऐकून अण्णांनी तंबूचा दांडा हलवून पाहिला. उघड्यावरच्या मुक्कामाचे लोणंदकरास नवल नाही. आषाढात माउलींची पालखी नीरेच्या पुलावर येते, पादुकांना स्नान होते, आणि पाडेगावच्या अंगाने सोहळा सातारा जिल्ह्यात शिरून लोणंदच्या मुक्कामी येतो. त्या दिवशी आमच्या गावात रिकामे शेत म्हणून उरत नाही. जिकडे पाहावे तिकडे राहुट्या, चुली, टँकर आणि टाळ. दुसऱ्या कोणत्याही प्रांतात ज्या चालण्याचे साहस म्हणून पुस्तक लिहिले जाईल ते चालणे सातारच्या, सोलापूरच्या, विदर्भ-मराठवाड्याच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन करतात, आणि चांदोबाच्या लिंबाशी रिंगण पाहून तरडगावकडे निघतात. त्यांना कोणी जाकीट घालीत नाही. अण्णांनी तंबूवाल्याला एवढेच विचारले, “रातीला कीर्तन हाय का?” नव्हते. मुक्काम रद्द झाला.

चांदोलीस आम्ही गेलो ते नंतर, शिराळ्याकडून, वारणेच्या धरणावरून. तेथील वसंतसागराचे पाणी, झोळंबीचा सडा, गव्यांचे कळप, आणि उंच फांदीवर शेपटीचा झुपका सोडून बसलेले तांबूस शेकरू, जे आपल्या राज्याचा राज्यप्राणी असूनही पुष्कळांना केवळ मोठी खार वाटते, हे सारे मोठे मनोहर आहे. पण मोटारीतील प्रत्येक मनुष्य वाघासाठी आलेला असल्यामुळे त्यापैकी कशाकडेही कोणी धड पाहत नव्हते. गवा दिसला की “गवाच आहे,” सांबर दिसले की “सांबरच आहे,” असा निराश उद्गार निघे. एवढ्या प्रचंड जनावराने समोर येऊन उभे राहावे आणि त्यास ‘च’ लावून निकालात काढावे, यापरता अपमान नाही. गव्याने तो मान न हलवता सोसला.

लपणगृहात बसणे हा अण्णांच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग. हाळीवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तेथे कुजबुजण्याचीही मनाई. बाहेर पाणवठ्यावर काही हालेना, आत अण्णांच्याने गप्प बसवेना. अखेर परत फिरताना वाटाड्याने ओल्या मातीत एक पाऊल दाखवले. चार बोटे, मागे गादी, नखांची खूण नाही. कडा अजून ओलसर. आम्ही सर्व त्यावर ओणवे झालो.

“साहेबांचंच?” अण्णांचा आवाज घोगरा झाला होता.

“बिबट्याचं,” वाटाड्या म्हणाला. “वाघाचं याच्याहून बरंच मोठं असतं.”

अण्णांनी आपला पंजा त्याच्या शेजारी मातीत टेकवला, बोटे जितकी फाकतील तितकी फाकवली आणि काही एक न बोलता उठले.

पुढच्या लिलावाच्या दिवशी मी आवारात गेलो तो गरव्याच्या ढिगापाशी लिलाव थांबलेला. मध्ये अण्णा, भोवती हमाल, तोलाईदार, मालधनी. बिबट्याचा पाडेगाव-लोणंदच्या उसात हल्ली एवढा बोलबाला आहे की त्यास बाजारात कोणी उभे करीना, म्हणून असेल, पण पावलाचा मालक वाघ असल्याचे ठरून गेले होते. वाद लांबीचा होता.

“नऊ फूट,” अण्णा म्हणाले.

“पाच,” एका म्हाताऱ्या मालधन्याने मागणी केली.

“आरं, पाऊल एवढं!” अण्णांनी पंजा फाकवला. “साडेआठ.”

“शेपटी धरून का सोडून?”

“धरून.”

“मग सहा.”

मागून कोणी तरी साडेसहा पुकारले, तोलाईदाराने पावणेसात केले, अण्णा आठांवर अडून बसले. त्यांनी साक्षीसाठी माझ्याकडे पाहिले, मी कांद्याकडे पाहिले. शेवटी सात फुटांवर, शेपटीसकट, सौदा तुटला, आणि हमालांनी पुढच्या वक्कलावरची ताडपत्री ओढली.